बडोद्यातील दोन दिवस

(सुवर्णमहोत्सवी समारंभात सहल समितीच्या वतीने बारडोली येथे झालेले भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत देणगीदारांची नावे वाचून झाली, विद्यार्थ्यांना बक्षिसे मिळाली, आणि उद्या स्नेहभोजन आहे. या सगळ्यात सहलीचा वृत्तांत म्हणजे पानातली चटणी. पण चटणीवाचून पान शोभत नाही, म्हणून आपला थोडा वेळ आम्ही घेणार आहोत. जमाखर्च चिटणीसांकडे लेखी दिला आहे. तो येथे वाचीत नाही. ज्यांना पै-पैचा हिशेब पाहावयाचा असेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

महोत्सवानिमित्त मुलांची सहल काढावी असे ठरले तेव्हा ‘कोठे?’ या प्रश्नावर दोन बैठका खर्ची पडल्या. कोणी मुंबई म्हणाले, कोणी सरदारांचा केवडियाचा पुतळा म्हणाले. एका सभासदांनी तर सरळ सुरतेचेच नाव घेतले, कारण जाताजाता कापडही घेता येईल! सुरत आपल्याला अंगणासारखी. महिन्यातून दोनदा आपण जातो, डॉक्टरकडे, लग्नाच्या बस्त्याला, कचेरीतल्या कामाला. तथापि चौकबाजारचा किल्ला आतून पाहिलेल्यांनी हात वर करावेत असे म्हटले, तर या मंडपात किती हात वर होतील, हे न विचारलेलेच बरे. मोठ्या शहरात आपण जातो ते पिशवी भरण्यासाठी. शहराने स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या पैशाने जे सर्वांसाठी उभे केलेले असते, त्याच्या दारावरून आपण रिक्षात बसून निघून जातो.

बडोदे ठरले त्याला कारण होते. सरकारदरबारी आता वडोदरा म्हणतात, पण आपल्या घरांतून अजून बडोदेच म्हणतात, तेव्हा आम्हीही तेच म्हणू. आपली बारडोली इंग्रजी अमलातली, पण शेजारचे व्यारा आणि सोनगड गायकवाडी. पिलाजीराव गायकवाडांनी आपले ठाणे प्रथम मांडले ते सोनगडास, म्हणजे येथून पूर्वेला काही तासांच्या वाटेवर. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. पण गुजराती आणि मराठी एकाच ओट्यावर बसून बोलतात असे शहर पाहावयाचे तर बडोद्यासारखे दुसरे नाही. १९०९, १९२१, १९३४ आणि पुढे २०१८ या साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. आपली मुले गुजराती शाळेत शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि दोहोंत आपण कोठले, असा प्रश्न त्यांना कधीतरी पडतोच. त्यांना उपदेश करण्यापेक्षा हे शहर दाखवावे, असा आमचा विचार होता.

दुसरा ठराव मात्र एकमताने झाला नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यासाठी खानदेशातून, नंदुरबार-धुळ्याकडून कोयता घेऊन माणसे येतात आणि गावाबाहेर त्यांचे पडाव पडतात. त्या पडावावरची काही मुले आपल्या मुलांबरोबर न्यावी, अशी सूचना आली. ‘ट्रस्ट सभासदांचा आहे’ असा आक्षेप निघाला. आक्षेप खोटा नव्हता. घटनेत ‘समाज’ असा शब्द आहे, आणि समाज म्हणजे कोण, यावर त्या रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला. शेवटी बेचाळीस जागांपैकी नऊ जागा त्या मुलांना द्यावयाच्या असे बहुमताने ठरले. प्रत्यक्षात नऊ नव्हे, दहा मुले आली, कारण अकरा वर्षांच्या एका मुलीने सांगितले की, ‘भाऊ मी सांभाळते, आई फडात जाते, तो आला तरच मी येईन.’ दोन वर्षांचा तो भाऊ दोन्ही दिवस तिच्या कडेवर होता. त्याचे तिकीट लागले नाही, एवढे हिशेबापुरते नमूद करतो.

बारडोलीहून सुरत आणि सुरतेहून बडोदे. हा दुसरा टप्पा सुमारे १३० किलोमीटरचा. भरूच आले तेव्हा नर्मदा पाहण्यासाठी सगळी गाडी एका बाजूला झुकते की काय असे वाटले. शेजारचा १८८१ चा जुना लोखंडी पूल मुलांना दाखविला. आमच्याबरोबरच्या आजीबाईंनी खिडकीतून नाणे टाकले आणि हात जोडले. पडावावरच्या एका मुलाने विचारले, ‘आजी, तापीले नही टाकं?’ आजीबाई म्हणाल्या, ‘अरे, तापी घरची. घरच्या माणसाला कोणी आहेर करते का?’

बडोद्यास उतरलो तो जेथे राहण्याचे आगाऊ ठरले होते तेथेच पहिला अडथळा आला. त्या जागेचे नाव आम्ही घेत नाही. तेथील व्यवस्थापकांनी यादी पाहिली, मुले पाहिली, आणि ‘ही मुले कोणाची?’ म्हणून विचारले. आमचीच, असे आम्ही सांगितले. त्यांना ते पटले नाही. बाकी मंडळींना खोल्या देतो, पण ही दहा मुले नकोत, गाद्या खराब होतील, असे त्यांचे म्हणणे पडले. आमच्यातल्या दोघांचे मत पडले की, एक शिक्षक बरोबर देऊन त्या मुलांची सोय स्टेशनवर करावी. रात्र एकच काढावयाची आहे. कोणी काही बोलण्याच्या आत आजीबाईंनी आपली वळकटी उचलली आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. मग सर्वांनीच सामान उचलले. एक कार्यकर्ते दुसरी जागा शोधावयास गेले, आणि आम्ही एक्केचाळीस माणसे नि कडेवरचा एक, बोचक्यांसह सयाजीबागेत येऊन बसलो. दशम्या तेथेच सोडल्या.

या बागेला जुने लोक कामाठीबाग म्हणतात. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १८७९ मध्ये ती विश्वामित्रीच्या काठी लोकांसाठी करविली. तेथे बसल्या बसल्या आमच्यातल्या एका शिक्षिकेने मुलांना एक हकीकत सांगितली. ती आम्ही येथे सांगतो, कारण मोठ्यांपैकीही काहींना ती ठाऊक नव्हती. १९१३ मध्ये बडोदे सरकारने एका तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. कोलंबिया विद्यापीठात आणि मग लंडनला शिकून ते १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. ज्यांनी शिकविले त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच कामाठीबागेत बसून काढला. त्या स्मृतीची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि तेथे लोक नमस्कार करावयास येतात.

मुलांनी हकीकत ऐकून घेतली. कोणी काही विचारले नाही. फक्त त्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारले, ‘मग त्यांना गाडी भेटली का?’ भेटली, असे आम्ही सांगितले.

बडोद्याचा मोठेपणा आणि बडोद्याचा हा सल, दोन्ही एकाच बागेत आहेत. सयाजीरावांच्या राज्यात १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. राजाचा हुकूम शाळेपर्यंत पोहोचला. धर्मशाळेच्या दारापर्यंत तो पोहोचला नाही. सयाजीरावांची थोरवी सांगताना आपण पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी गाळतो. आम्हांस दोन्ही सांगणे बरे वाटते.

बागेतच बडोद्याचे प्रसिद्ध संग्रहालय आहे. त्याची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारची चित्रशाळा १९१४ पर्यंत बांधून झाली होती, पण पहिले महायुद्ध पेटले, युरोपातली चित्रे यावयाची राहिली, आणि ती लोकांसाठी उघडली १९२१ मध्ये. आत इजिप्तची ममी आहे, आकोटा येथे जमिनीतून निघालेल्या जैन धातुमूर्ती आहेत. त्या मूर्ती जाणत्याने तासभर पाहाव्यात अशा. मुलांनी मात्र ममी पाहिली आणि पळ काढला तो देवमाशाच्या सांगाड्याकडे. हा निळा देवमासा १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आला होता. सांगाडा सुमारे ७० फूट लांब आहे. मार्गदर्शकाने लांबी सांगितली, तरी पडावावरच्या एका मुलाला ती पटली नाही. त्याने शेपटीपासून पावले टाकीत मोजले, पुन्हा तोंडाकडून मोजले, आणि आपल्या सोबत्यांना सांगितले, ‘तीन बैलगाड्या, बैलांसगट.’ ऊस भरलेल्या गाड्यांच्या रांगेत ज्याचा दिवस जातो त्याचे माप ते. आमच्या फुटांपेक्षा ते मुलांना लवकर समजले.

संध्याकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात गेलो. आमच्या मते बडोद्यास जाऊन ही जागा न पाहणे म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा न पाहणे. १८८० मध्ये जुम्मादादांनी ही तालीम सुरू केली, आणि त्यांचे शिष्य प्राध्यापक माणिकराव यांनी ती देशभर नावारूपास आणली. शिष्य एवढा मोठा झाला तरी पाटीवर नाव गुरूचेच राहिले. कवायतीचे हुकूम इंग्रजीत सोडण्याऐवजी आपल्या भाषेत सोडावेत, हा माणिकरावांचा आग्रह. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद तरुणपणी, १९०७ ते १९१० या काळात, त्यांच्याच हाताखाली तयार झाले. ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा मराठी ग्रंथ बडोद्यातच द. चिं. मुजुमदारांनी सिद्ध केला. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी यांवर दहा खंड! आपल्या वाचनालयात त्याचा एक तरी खंड असावा, अशी विनंती आम्ही ग्रंथपालांना करून ठेवतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आज दूरदर्शनच्या पडद्यावर दिव्यांच्या झगमगाटात जी कबड्डी आपण पाहतो, त्या हुतूतूचे नियम छापून प्रसिद्ध केले ते बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने, १९२३ मध्ये. त्याआधी खेळ होता, पण गावागणिक वेगळा. दम कसा धरावा, गडी केव्हा मेला, यावर सामन्यापेक्षा भांडणे जास्त. खेळ लिहून काढला म्हणून तो गावाबाहेर जाऊ शकला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिनमध्ये करून दाखविला, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत त्याला स्थान मिळाले. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या नव्या जागेसमोरच्या पटांगणात आमच्या मुलांनी दोन संघ पाडले. पडावावरची मुले सगळी एका संघात, असे आपोआपच होऊ लागले होते. शिक्षिकेने उंचीप्रमाणे उभे करून एक-दोन, एक-दोन असे मोजले. मग खेळ रंगला. खरचटले दोघांना, रडले कोणी नाही. नवी जागा म्हणजे एका शाळेचे दालन होते आणि सगळे जमिनीवर निजले, हेही सांगून टाकतो. ज्या वहिनींनी आपली सतरंजी आत्तापर्यंत परत मागितली नाही त्यांचे आभार.

दुसरे दिवशी सकाळी राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात गेलो. लक्ष्मीविलास राजवाडा, १८९० चा, भव्य आहे यात शंका नाही. छायाचित्रे सर्वांनी काढलीच. पण जीव रमला तो संग्रहालयातील राजा रविवर्म्यांच्या चित्रांपाशी. सयाजीरावांनी पुराणांतील प्रसंगांची चौदा चित्रे त्यांच्याकडून करवून घेतली. दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यापूर्वीच सुचविले होते की, या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात म्हणजे ती घराघरांत जातील. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला. ती लक्ष्मी, ती सरस्वती आपल्या देवघरांत आली ती या वाटेने. आजीबाई नल-दमयंतीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ही तर आमच्या माजघरात होती!’ माजघरातली छापील प्रत आणि समोरचे मूळ तैलचित्र, यांत फरक काय तो त्यांनीच मुलांना दाखविला. लुगड्याच्या पोताकडे पाहा, म्हणाल्या. छापील चित्रात लुगडे नुसते लाल होते, येथे ते रेशमी आहे. हे चित्रकलेच्या वर्गात आठ दिवसांत शिकविता आले नसते.

जवळच मोतीबाग मैदान. क्रिकेटवेडी मुले तेथून हलेनात. पठाण बंधू आणि पंड्या बंधू त्यांना तोंडपाठ; विजय हजारे मात्र कोणालाच माहीत नव्हते. सांगलीचा हा माणूस बडोद्याकडून खेळला. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्यातच रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले होते. पुढे गुल महंमद ३१९ आणि हजारे २८८. दोघांनी मिळून ५७७ धावांची भागी केली. देशाची फाळणी पाच महिन्यांवर आली असताना हे दोघे एका बाजूने खेळत होते. जगातल्या पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधला हा विक्रम २००६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. शहराबाहेर कोटंबीला आता नवे मैदान झाले आहे. तेथे २०२४ च्या डिसेंबरात भारताच्या मुलींनी वेस्ट इंडीजशी एकदिवसीय सामने खेळले. हे ऐकून आपल्या तीन मुलींनी परतताना गाडीत बॅटीसाठी ट्रस्टकडे अर्ज लिहिला. अर्ज समितीपुढे आहे.

कीर्तिमंदिराविषयी थोडे जास्त बोलतो, कारण त्याचा आपल्या तालुक्याशी संबंध आहे. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी हे १९३६ मध्ये उभे केले, आणि पुढील काही वर्षांत शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आतल्या भिंती रंगविल्या: गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, नटीर पूजा, अभिमन्यूचे युद्ध. आता हेच नंदलालबाबू त्याआधी, १९३८ च्या फेब्रुवारीत, कोठे होते? आपल्या कडोदजवळच्या हरिपुऱ्यात! सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे एक्कावन्नावे अधिवेशन तापीकाठी भरले. विठ्ठलभाई पटेलांच्या नावाने त्या तंबूंच्या गावाला विठ्ठलनगर म्हणत, आणि अध्यक्षांच्या रथाला एक्कावन्न बैल जुंपले होते. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी त्या नगरासाठी खेड्यातल्या माणसांची चित्रे केली: ढोल वाजविणारा, चांभार, दळणकांडण करणाऱ्या बाया. राजघराण्याचे स्मारक रंगविणाऱ्या हाताने आधी आपल्या शिवारातली कामकरी माणसे रंगविली होती, आणि तीही रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्याने फुकट पाहावी म्हणून. ती चित्रे आज ‘हरिपुरा चित्रे’ म्हणून जगात ओळखली जातात. आपल्यापैकी कितीजण कडोदला जाताना हे आठवतात?

मांडवीतले मध्यवर्ती ग्रंथालय शेवटी घाईने पाहिले. अमेरिकेतून बोर्डन नावाच्या गृहस्थांस बोलावून सयाजीरावांनी १९१० मध्ये त्याची घडी बसविली. काचेच्या फरशीवरून चालताना मुली घाबरल्या एवढे सांगतो. तेथून पुस्तकांच्या लाकडी पेट्या संस्थानातल्या खेड्यापाड्यांत फिरत, ही गोष्ट मात्र आमच्या मनात राहिली आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा आधी विचारून निघावे. आणि एका दिवसात दोनतीनहून जास्त जागा पाहू नयेत. चौथ्या जागी मुले फक्त भेळ पाहतात. आम्ही प्रत्येक मुलाला एक वही आणि एक पेन्सिल दिली होती, आणि पाहिलेल्यापैकी एकच वस्तू काढावयास सांगितली होती. ती बेचाळीस चित्रे, कडेवरच्या भावाच्या रेघोट्या धरून, कारण मोठ्यांनाही आम्ही सोडले नाही, मंडपाच्या मागच्या कनातीवर लावली आहेत. त्यांत देवमासे अकरा आहेत आणि राजवाडा एक.

परत आल्यावर आणखी एक घडले. ज्या मुलाने देवमासा मोजला त्याने मुकादमाला विचारून एका दुपारी सोबत्यांसह आपल्याच गावातला स्वराज आश्रम आणि सरदारांचे संग्रहालय पाहून घेतले. १९२८ चा सत्याग्रह ज्या घरांनी केला त्यांच्या शेतांत तो ऊस उचलतो. तो आम्हांस सांगत होता, आणि आमच्या समितीतले दोघे प्रथमच ऐकत होते.

पुढची सहल मकरसंक्रांतीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी न्यावी, असे समितीने ठरविले आहे. जागा पुन्हा बेचाळीसच. सभासदांच्या मुलांची बत्तीस नावे आजच आली आहेत आणि ती दाराजवळच्या फळ्यावर लिहिली आहेत. खालच्या दहा ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या भरण्यासाठी परवा, रविवारी, सकाळी सातला आम्ही पडावावर जाणार आहोत. त्यानंतर माणसे फडात निघून जातात. बरोबर कोणी येणार असेल तर साडेसहाला ट्रस्टच्या कार्यालयापाशी यावे. मुलाबाळांचे जुने स्वेटर असतील तर तेही आणावेत, गाडीत पहाटे थंडी फार असते.